कोणापासून, कधीपर्यंत, कोणासमोर

६ सप्टेंबर

खात्याचं परिपत्रक आलं. नागरिकशास्त्राचा नववा धडा, ‘शासनाची गुपितं आणि जागल्या’, युद्ध संपेपर्यंत ‘शिक्षकांच्या इच्छेनुसार वगळावा’. मुख्याध्यापकांनी मला बोलावून ते मोठ्याने वाचून दाखवलं, जसं काही मला वाचता येत नाही. वर म्हणाले, "बाई, इच्छा तुमची. पण माझी इच्छा अशी आहे, की तुमची इच्छा वगळण्याचीच असावी."

"माझी इच्छा शिकवण्याची आहे," मी म्हणाले.

त्यांनी चष्मा काढून पुसायला घेतला. "लढाई चालू आहे. तुमचे यजमान स्वतः आघाडीवर आहेत. आणि आपण पोरांना सांगायचं, की सरकारचं गुपित फोडणारा माणूस चांगला असतो?"

"चांगला की वाईट ते पोरं ठरवतील. ठरवायचं कसं, तेवढं मी शिकवणार."

प्रश्नपत्रिकांच्या कपाटाची किल्ली वर्षानुवर्षं माझ्याकडे आहे. त्या कपाटातून एक प्रश्न कधी बाहेर गेलेला नाही. सख्ख्या नणंदेच्या मुलाला ‘महत्त्वाचे तेवढे’ सांगितले नाहीत, म्हणून नणंदबाईंनी कितीतरी दिवस अबोला धरला होता. गुपित राखणं म्हणजे काय, हे मला कोणी शिकवायला नको. आणि म्हणूनच हा धडा मीच घ्यायला हवा. इतर कोणाच्या हाती पडला, तर एक तर ते घाबरून वगळतील, नाहीतर नुसती भाषणं ठोकतील.

घरी सासूबाईंना सांगितलं. "कर तुला हवं ते. तसंही माझं ऐकतेस कधी," म्हणाल्या. हा त्यांचा होकार असतो.

९ सप्टेंबर

वर्गात सीलबंद पाकीटच घेऊन गेले. आत जुनाच पेपर होता, पण पोरांच्या माना लगेच लांब झाल्या.

"हे तुमच्यापासून का लपवतात?" विचारलं. सगळे हसले. मग पाकीट फिरवून दाखवलं. वर विषय, उघडायची तारीख आणि वेळ, आणि खाली दोन विद्यार्थ्यांच्या सह्यांची जागा. सील शाबूत आहे हे वर्गातल्याच दोघांनी बघायचं, मग पाकीट फोडायचं, ही आमची पद्धत. मी म्हणाले, प्रामाणिक गुपिताला तीन प्रश्नांची उत्तरं देता येतात. कोणापासून लपवलंय? कधीपर्यंत? आणि उघडणार कोणासमोर?

फळ्यावर तिन्ही प्रश्न लिहिले आणि पोरांनी एकेक गुपित आणून त्यावर घासायला सुरुवात केली. सैनिकांच्या जहाजाची वाट: शत्रूपासून, जहाज पोचेपर्यंत, मग सगळ्यांसमोर. खरं गुपित. मी ह्यांच्या पत्रांबद्दल सांगितलं. हे पूल दुरुस्त करणाऱ्या तुकडीत आहेत. कुठला पूल, कुठली नदी, ते काळ्या शाईच्या पट्ट्यांखाली असतं. त्या पट्ट्यांवर माझा राग नाही. शत्रूला नाव वाचता आलं, तर त्या पुलाखाली उभा असलेला माणूस माझा आहे. 

मग मागच्या बाकावरचा चष्मेवाला उठला. "बाई, सैनिकांना निकृष्ट बूट दिले आणि ते लपवलं, तर?"

"लाव की प्रश्न."

"कोणापासून? शत्रूला बुटांशी काय करायचंय. आपल्यापासूनच. कधीपर्यंत? कायमचं." मग वर्गात जी कुजबुज झाली, तिच्यासाठीच माणूस शिक्षक होतो.

आमची लेकही त्याच वर्गात, तिसऱ्या रांगेत. पहाट झाली की तिची बडबड सुरू व्हायची, म्हणून सासूबाईंनी तिचं नाव टिटवी ठेवलं, तेच चिकटलं. वर्गात मात्र ती चाळिसांतली एक. तिचा हात वर दिसला तरी तिला मी शेवटी विचारते, लेकीचे लाड करते असं कोणी म्हणायला नको. आज शेवटी तिने विचारलं, "पाकिटावर तारीखच घातली नसेल तर?"

"मग ते गुपित नव्हे. ती झाकपाक," मी म्हणाले. तिने ते लिहून घेतलं.

१५ सप्टेंबर

हवाई हल्ल्याच्या भोंग्याचा सराव झाला. सगळी शाळा तळघरात. उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर निम्मं तळघर पुरवठा खात्याने घेतलंय आणि मध्ये नव्या विटांची भिंत घातली आहे, त्यामुळे पोरं एकमेकांच्या मांडीवर बसल्यासारखी बसली होती. मागच्या जिन्याचं दारही भिंतीपलीकडे गेलं. मुख्याध्यापक म्हणतात, खात्याचं सामान आहे, त्याबद्दल बाहेर बोलायचं नाही. युद्धाचे दिवस आहेत, ठेवत असतील काही.

वास फार येत होता. रंगाचा आहे म्हणे. छोट्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, पण एक पोर जागचं हललं नाही. इतक्या शिस्तीने आम्ही याआधी कधी उतरलो नव्हतो. मी सगळ्यांना शाबासकी दिली. टिटवी तेवढी नव्या भिंतीला कान लावून बसली होती. तिला खुणेनेच ताठ बसायला सांगितलं.

घरी आल्यावर विचारते, "आई, रंगाचा वास इतके दिवस राहतो?"

"कसला रंग आहे, त्यावर अवलंबून."

"भिंतीवर ठोकलं की पलीकडे पिंप वाजल्यासारखं वाजतं."

"तिथे जीव वाचवायला जायचं, भिंती वाजवायला नाही," मी म्हणाले. सासूबाई हसल्या. टिटवी हसली नाही.

२० सप्टेंबर

आज जागल्या. गावात आग लागली की हाका मारून सगळ्यांना उठवणारा, तो जागल्या. सरकारी कारभारात कोणी तसं करायचं ठरवलं, तर त्याने कोणत्या पायऱ्यांनी जावं, ते शिकवलं. आधी वरिष्ठांना सांगायचं. त्यांनी ऐकलं नाही, तर त्यांच्या वरच्यांना. तिथेही कानावर हात ठेवले, तर मग सगळ्यांसमोर. आणि प्रत्येक पायरीवर स्वतःचं नाव सांगायचं.

टिटवीला हे पटलं नाही. हात वर न करताच उभी राहिली. "नाव सांगितलं की सगळे नावाबद्दलच बोलतात. कोणाची मुलगी, कोणाच्या बाजूची, कोणी फितवलं. काय सांगितलं ते राहूनच जातं."

पोरांनी बाकं वाजवली. मला बरं वाटलं आणि रागही आला. "नाव नसलेली तक्रार म्हणजे भिंतीवरचं खरडणं," मी म्हणाले. "माझ्या बोलण्याची किंमत मी मोजायला तयार नसेन, तर दुसऱ्याने ते खरं का मानावं?"

"आणि किंमत दुसऱ्याच कोणाला मोजावी लागली तर?"

तास संपल्याची घंटा झाली. घंटा झाली नसती तर उत्तर दिलं असतं. काय दिलं असतं ते अजून ठरत नाहीये.

२३ सप्टेंबर

तोंडी परीक्षा. विषय: आपल्या आजूबाजूचं एक गुपित घ्या, त्याला तीन प्रश्न लावा. पोरांनी धमाल केली. एकाने आजीचं खरं वय घेतलं आणि ‘कोणापासून’ला उत्तर दिलं, "आजोबांपासून". चष्मेवाला रेशनच्या दुकानाच्या मागच्या दारावर बोलला. पोरगा हुशार आहे, पण एक दिवस अडचणीत येईल.

शिक्षकाने स्वतःच्या मुलाला मार्क द्यायचे नाहीत, ही आमच्या शाळेची रीत. ती मी इतरांपेक्षा जास्त कडक पाळते. टिटवीची तोंडी परीक्षा गणिताच्या सरांनी शेजारच्या खोलीत घेतली. बाहेर आले तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता.

"पैकीच्या पैकी दिलेत," म्हणाले. "पण बाई, ती काय म्हणाली ते तुम्ही एकदा तिच्या तोंडून ऐका."

"सर, मार्क कळले, पुरे. ती काय बोलली ते मी ऐकायचं नाही, म्हणून तर तुमच्याकडे पाठवली."

"हे मार्कांचं नाही हो."

"मग तर मुळीच नको." हा माणूस गणितात चोख, बाकी सगळीकडे घाबरट. पोरीने सरकारवर काहीतरी टीका केली असणार आणि सरांची झोप उडाली असणार.

जेवताना टिटवीने विचारलं, "सरांनी सांगितलं तुला?"

"मार्क सांगितले. छान."

"तेवढंच?"

"नियम म्हणजे नियम, बाळा. आज तुझं ऐकलं, तर उद्या कोणीही म्हणेल, घरात तयारी करून घेतली." ती अर्धं जेवण तसंच ठेवून उठली. या वयात भूक अशीच असते.

२७ सप्टेंबर

मधल्या सुट्टीत टिटवी मुख्याध्यापकांच्या खोलीतून बाहेर येताना दिसली. विचारलं, तर म्हणाली, "काही नाही, एक सांगायचं होतं." नंतर मुख्याध्यापकांनी मला थांबवून चौकशी केली, "घरी सगळं ठीक ना? मुलीला जरा जपा." मी म्हणाले, अभ्यासाचा ताण आहे. ते मान हलवत राहिले आणि चष्मा पुसत राहिले.

संध्याकाळी तिने विचारलं, "मुख्याध्यापकांच्या वर कोण?"

"शिक्षण अधिकारी."

"त्यांना कोणालाही भेटता येतं?"

"नियमाने येतं." धडा किती मनापासून वाचतेय, हे बघून बरं वाटलं. पायऱ्या अगदी पाठ आहेत तिला.

१ ऑक्टोबर

टिटवी शाळेतून उशिरा आली. मैत्रिणीकडे गेले होते म्हणाली. बूट धुळीने पांढरे, फ्रॉकला कोपरापाशी काजळी. शिक्षण अधिकाऱ्यांच्या कचेरीकडचा रस्ता खणलाय, तिकडे अशी धूळ असते. मैत्रीण तिकडेच राहत असेल. काजळीचं विचारलं, तर म्हणे, तळघराच्या मागच्या झरोक्यापाशी काहीतरी पडलं होतं ते काढत होते. पुढे बोलणार होते, तेवढ्यात सासूबाईंनी मध्येच, "आली ना घरी, पुरे आता," म्हणून मला गप्प केलं. हल्ली आजी-नातीचं काहीतरी गूळपीठ आहे. मी खोलीत गेले की दोघी बोलायच्या थांबतात.

पूर्वी ही पोर शाळेतलं सगळं एका दमात सांगायची. आता घरात तिचा आवाज नाही. मला तिची आठवण येते, ती समोर बसलेली असताना.

४ ऑक्टोबर

आज जे झालं, ते नीट लिहून ठेवते.

सकाळी शाळेच्या फाटकाबाहेर गर्दी. रस्त्यावर खडूने माणसाएवढी अक्षरं: ‘तळघराच्या भिंतीपलीकडे इंधनाची पिंपं आहेत. मागचं दार बंद आहे. भोंगा झाला की मुलं तिथे बसतात. वर सांगितलं. त्यांच्याही वर सांगितलं.’ खाली तीन प्रश्न. कोणापासून, कधीपर्यंत, कोणासमोर. नाव कुठेच नव्हतं.

आई-बापांनी पोरांचे हात घट्ट धरले होते. मुख्याध्यापक म्हणत होते, अफवा आहे, शत्रूचं काम आहे. मी खाली गेले. गणिताचे सर न बोलावता मागे आले. भिंतीवर मूठ आपटली. पिंप वाजल्यासारखं वाजलं. आणि तो वास. पोरांना गप्प बसवून त्याला मी रंगाचा वास म्हणत होते.  वर येऊन मी सगळ्यांसमोर सांगितलं, "पोरांना घरी न्या. मी त्यांना खाली बसवणार नाही."

एकही वर्ग भरला नाही. दुपारी खात्याच्या गाड्या आल्या आणि पिंपं घेऊन गेल्या. संध्याकाळपर्यंत भिंत फोडून मागचं दार मोकळं केलं. म्हणजे पिंपं होतीच.

लिहिणारं पोर माझ्याच वर्गातलं आहे, यात शंका नाही. पायऱ्याही पाळल्या आहेत पठ्ठ्याने, एकेक. अभिमानाने ऊर भरून आला. घरी सांगितलं, तर टिटवी एवढंच म्हणाली, "छोटी मुलं वाचली ना, मग झालं." पहाटे उठून धावायला गेली होती म्हणे, तिचे डोळे मिटत होते. सासूबाई तिचे हात चोळत बसल्या होत्या.

५ ऑक्टोबर

पुरवठा खात्याचा अधिकारी आला. माझ्या धाकट्या दिराहून लहान, बोलायला अगदी गोड. पिंपं तिथे का ठेवली, यावर एक शब्द नाही. युद्धसाहित्याची जागा जाहीर केली, हा गुन्हा. मुलाने केला असेल, तर शाळेतून काढणार आणि लढाई संपेपर्यंत सुधारगृहात ठेवणार.

"तुमच्या वर्गातलं कोण, ते तुम्हाला माहीत असणार," म्हणाला.

"नाही. आणि माहीत असतं तरी सांगितलं नसतं."

"पण बाई, तुमची शिकवण तर अशी, की नाव हवंच. आम्ही चौकशी केली आहे."

तिथे मी अडकले. खरंच अडकले. मग म्हणाले, "नाव हवंच. माझं घ्या. प्रश्न माझे, पायऱ्या माझ्या, शिकवलं मी."

 तो म्हणाला, उद्या सगळ्या शाळेसमोर आणि पालकांसमोर, मुलांना मी चिथावलं असं कबूल करून सही केली, तर मुलांची चौकशी थांबेल. माझी नोकरी जाईल, खटलाही होईल. मी हो म्हणाले.

गणिताच्या सरांनाही विचारलं त्याने. तोंडी परीक्षेत कोणी तळघराचं काही बोललं होतं का? सर म्हणाले, "मी गणिताचा माणूस. आकडे सोडून माझ्या डोक्यात काही राहत नाही." घामाने निथळत होते. इतका भित्रा माणूस मी पाहिला नाही. बाहेर पडताना माझ्या हाताला हात लावून म्हणाले, "बाई, घरी बोला." जो तो मला घरी बोलायला सांगतोय.

मला वाटतं, चष्मेवालाच असणार. त्याच्या आईला काही कल्पना तरी असेल का? रोज समोर बसून जेवणारं पोर एवढं ओझं उचलून चाललंय आणि आईला पत्ता नाही, असं कसं होतं, मला कळत नाही. टिटवीचा मला तो घोर नाही. तिच्या पोटात काही राहतच नाही.

६ ऑक्टोबर, सकाळ

काल जेवताना घरी सांगितलं. ह्यांना कळवायचं नाही, तिकडे काळजी नको, असंही म्हणाले.

सासूबाईंनी घास खाली ठेवला. "तू सही करायची नाहीस."

"मग एका पोराला नेतील, आई."

"तू सही करायची नाहीस," एवढंच पुन्हा म्हणाल्या, आणि टिटवीकडे बघून पदराने डोळे पुसले. सून तुरुंगात जाईल म्हणून इतकं वाईट वाटेल त्यांना, असं वाटलं नव्हतं.

टिटवी रडली नाही. विचारलं, "तू चिथावलंस, हे खरं आहे का?"

"नाही. पण चालेल."

"असलं चालू द्यायचं नाही, हे तूच शिकवलंस."

"अगं, ते पोर घाबरलं असेल. त्याला वेळ हवा असेल."

"नसेल घाबरलं," म्हणाली. "नाव सांगितलं की सगळे नावाबद्दल बोलतील, एवढंच त्याला नको असेल. पिंपं जाईपर्यंत. आता गेली ना पिंपं."

ही पोर माझ्याहून चांगली शिक्षक होईल. तिला तसं सांगितलं. तिने मला घट्ट मिठी मारली. कित्येक महिन्यांत मारली नव्हती.

आज मी उठायच्या आधीच तिने स्वतःचा गणवेश इस्त्री केला, माझी साडीही करून ठेवली. भीती मलाही आहे. नोकरी गेली तर काय, ह्यांना काय सांगायचं, सगळं मनात येऊन गेलं. पण निश्चय हलला नाही. पोर कोणाचंही असो, ते माझ्या वर्गातलं आहे. सासूबाईही यायचं म्हणतायत, शाळेत कधी पाऊल न टाकणाऱ्या. चांगलं लुगडं नेसून बसल्या आहेत.

निघायची वेळ झाली. टिटवी दारात उभी आहे. आत्ता म्हणाली, "आई, आज शिक्षकांच्या रांगेत बसू नकोस. पुढे बस, आजीजवळ. मी उभी राहीन तिथून मला दिसशील अशी."

पोरीला मला धीर द्यायचाय. बसते म्हणाले.

"आणि रडायचं नाही."

मी कशाला रडेन, म्हणाले.